फारूक पहिला

फारूक पहिला (११ फेब्रुवारी, १९२०:कैरो, इजिप्त - १८ मार्च, १९६५:रोम, इटली) हा इजिप्त व सुदानचा राजा होता. मुहम्मद अली घराण्यातील तो दहावा सत्ताधीश होय. वडील फुआद पहिला याच्या मृत्यूनंतर २८ एप्रिल १९३६ रोजी तो गादीवर आला आणि लष्करी उठावानंतर २६ जुलै १९५२ रोजी त्याला सिंहासनाचा त्याग करावा लागला.

इतिहासात फारूकचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. त्याच्या कारकिर्दीत इजिप्तमधील राजेशाहीची लोकांवरील पकड सुटली, हे पहिले कारण. दुसरे कारण म्हणजे त्याचा संग्रह. नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे आणि जडजवाहीर यांचा विसाव्या शतकातील एक मोठा खाजगी संग्रह त्याने उभा केला. १९४० च्या दशकात दुर्मिळ नाण्यांच्या जागतिक बाजारातील तो एक मोठा ग्राहक होता. त्याच्या पदच्युतीनंतर नव्या सरकारने १९५४ साली हा संग्रह लिलावात काढला, तेव्हा वर्षानुवर्षे बाजाराबाहेर राहिलेली हजारो नाणी काही दिवसांत विक्रीस आली. मागणी आणि पुरवठा यांमुळे दुर्मिळ वस्तूंची किंमत कशी बदलते, याचे उदाहरण म्हणून हा लिलाव नाणेसंग्राहकांमध्ये आजही चर्चिला जातो. या संग्रहातील १९३३ सालचे वीस डॉलरचे एक सोन्याचे नाणे २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले.

प्रारंभिक जीवन

फारूकचा जन्म कैरोतील अबदीन राजवाड्यात झाला. त्या वेळी त्याचे वडील इजिप्तचे सुलतान होते. १९२२ मध्ये ब्रिटनने इजिप्तच्या स्वातंत्र्याची एकतर्फी घोषणा केल्यानंतर त्यांनी राजा ही पदवी धारण केली. आईचे नाव नाझली साबरी. फौझिया, फायझा, फायका आणि फथिया या चार बहिणींमध्ये फारूक हा एकुलता एक भाऊ होता. फ हे अक्षर आपल्या कुटुंबाला लाभदायक आहे अशी फुआदची समजूत असल्याने सर्व मुलांची नावे त्याच अक्षरावरून ठेवण्यात आली. थोरली बहीण फौझिया हिचा विवाह १९३९ मध्ये इराणचा युवराज आणि पुढील शाह मुहम्मद रझा पहलवी याच्याशी झाला.

राजवाड्याच्या भिंतींआड, खाजगी शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याचे बालपण गेले. ऑक्टोबर १९३५ मध्ये त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले आणि वुलिच येथील लष्करी अकादमीशी संलग्न असे त्याचे शिक्षण सुरू झाले. ते पूर्ण होण्यापूर्वीच वडिलांचे निधन झाले आणि सोळा वर्षांचा फारूक मे १९३६ मध्ये मायदेशी परतला.

फुआद हाही संग्रहाचा शौकीन होता. त्याने जमवलेला टपाल तिकिटांचा संग्रह फारूकला वारशाने मिळाला आणि त्याच्या स्वतःच्या संग्रहाचा तो पाया ठरला.

राज्यारोहण आणि कारकीर्द

फारूक अल्पवयीन असल्याने प्रारंभी राजपुत्र मुहम्मद अली तौफीक याच्या अध्यक्षतेखालील राजप्रतिनिधी मंडळाने कारभार पाहिला. हिजरी कालगणनेनुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर २९ जुलै १९३७ रोजी त्याने सर्व अधिकार हाती घेतले. अरबी सफाईने बोलणारा हा देखणा, तरुण राजा सुरुवातीला अत्यंत लोकप्रिय होता.

२० जानेवारी १९३८ रोजी त्याचा विवाह साफिनाझ झुल्फिकार हिच्याशी झाला. विवाहानंतर तिचे नाव फरीदा ठेवण्यात आले. या विवाहाच्या निमित्ताने सोन्याची स्मारक नाणी पाडण्यात आली आणि विशेष टपाल तिकिटेही काढण्यात आली. या दांपत्याला फेरियाल, फौझिया आणि फादिया अशा तीन मुली झाल्या. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

ऑगस्ट १९३६ मध्ये ब्रिटन व इजिप्त यांच्यात झालेल्या करारामुळे देशाला बरीच स्वायत्तता मिळाली असली, तरी सुएझ कालव्याच्या परिसरात ब्रिटिश फौज कायम राहिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन व इटालियन सैन्य इजिप्तच्या सीमेवर आले असताना ब्रिटनला कैरोमध्ये आपल्याशी सहकार्य करणारे सरकार हवे होते. ४ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश राजदूत माइल्स लॅम्पसन यांनी अबदीन राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा दिला आणि वफ्द पक्षाचे नेते मुस्तफा अल-नहास यांना पंतप्रधान नेमा अथवा गादी सोडा, असे दोन पर्याय राजापुढे ठेवले. फारूकने नहास यांची नेमणूक केली. राजाच्या प्रतिष्ठेवर झालेला हा आघात इजिप्शियन लष्करातील तरुण अधिकाऱ्यांच्याही जिव्हारी लागला. पुढे सत्तांतर घडवून आणणारी पिढी ती हीच.

नोव्हेंबर १९४३ मध्ये अल-कसासीन येथे झालेल्या मोटार अपघातात फारूक गंभीर जखमी झाला. त्यानंतर त्याचे वजन झपाट्याने वाढत गेले आणि राज्यकारभारातील त्याचे लक्ष उडाले, असे अनेक चरित्रकार नोंदवतात. त्याच्या दुर्मिळ नाण्यांच्या मोठ्या खरेदीचा काळही हाच आहे.

१९४५ मध्ये कैरो येथे अरब लीगची स्थापना झाली. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तचा पराभव झाला. आघाडीवरील सैनिकांना सदोष शस्त्रे पुरवली गेल्याचे आरोप झाले आणि राजवाड्यातील निकटवर्तीयांची नावे त्यात घेतली गेली. या प्रकरणानंतर लष्करातील असंतोष उघड होऊ लागला.

जुगार आणि सार्वजनिक प्रतिमा

फारूकला पत्त्यांच्या जुगाराचे व्यसन होते. कैरोतील क्लबांमध्ये तो रात्र रात्र खेळत बसे. १९५० च्या उन्हाळ्यात मोठ्या लवाजम्यासह तो फ्रान्समधील दोव्हिल येथे गेला. तेथील कॅसिनोमध्ये त्याने लावलेल्या रकमांची वर्णने युरोप-अमेरिकेतील वृत्तपत्रांनी रंगवून छापली. ६ मे १९५१ रोजी नरिमान सादेक हिच्याशी त्याचा दुसरा विवाह झाला. त्यानंतरचा मधुचंद्राचा प्रवास सुमारे तीन महिने चालला आणि त्यातही कॅसिनोंच्या वाऱ्या होत्याच.

त्याच्या मोटारगाड्या लाल रंगाने रंगवलेल्या असत आणि इतरांना तो रंग वापरण्यास मनाई होती. एकच वस्तू फक्त आपल्याजवळ असावी ही त्याची हौस संग्रहातही दिसते. लोकांच्या खिशातील वस्तू हातोहात लांबवण्याची त्याला सवय होती अशा आख्यायिका प्रसिद्ध आहेत. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचे घड्याळ त्याने असेच लांबवल्याची कथा त्यांतलीच एक. जगात लवकरच पाचच राजे उरतील, एक इंग्लंडचा आणि चार पत्त्यांतले, अशा आशयाचे भाकीतही त्याच्या नावे सांगितले जाते.

राजघराणे देशातील सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक होते आणि ग्रामीण भागातील बहुसंख्य शेतकरी भूमिहीन किंवा अत्यल्प जमीन कसणारे होते. या विषमतेच्या पार्श्वभूमीवर राजाचा जुगार आणि त्याची खरेदी हे खाजगी छंद न राहता राजकीय प्रश्न बनले.

संग्राहक म्हणून कार्य

नाणी

फारूकच्या नाणेसंग्रहात सुमारे ८,५०० सोन्याची नाणी व पदके असल्याची नोंद १९५४ च्या लिलावाच्या सूचीत आहे. याशिवाय प्लॅटिनम व इतर धातूंची नाणी होती. अमेरिकेची सोन्याची नाणी हा या संग्रहाचा विशेष भाग होता. अमेरिकेतील बी. मॅक्स मेल, हान्स शुलमन, एब कोसॉफ इत्यादी व्यापारी त्याला नाणी पुरवत असत.

जुन्या नाण्यांचा पुरवठा ठरावीक असतो. पाडलेल्या नाण्यांची संख्या पुन्हा वाढवता येत नाही, उलट वितळवणे, हरवणे आणि झिजणे यांमुळे ती कमीच होत जाते. त्यामुळे एखादा नवा श्रीमंत ग्राहक बाजारात उतरला, की त्याची संपूर्ण मागणी किमतीवरच आदळते. महायुद्धाच्या काळात युरोपातील अनेक संग्राहक खरेदीच्या स्थितीत नव्हते, तेव्हा फारूकची मागणी बाजाराला विशेष जाणवली. किमतीची घासाघीस न करणारा ग्राहक म्हणून तो व्यापाऱ्यांना परिचित होता.

१९१३ सालचे लिबर्टी निकेल हे अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे त्याच्या खरेदीचे वैशिष्ट्य दाखवते. या वर्षी टाकसाळीने नाण्याचे चित्र बदलले होते. त्यामुळे जुन्या चित्राची १९१३ ची नाणी अधिकृतपणे काढलीच गेली नव्हती, तरीही अशी पाच नाणी अस्तित्वात आहेत. त्यांपैकी एक १९४४ मध्ये फारूकने ३,७५० डॉलरला घेतले. पुढे त्याच प्रकारचे दुसरे नाणे मिळाल्यावर पहिले पुन्हा बाजारात गेले. म्हणजे जगातील अशा पाच नाण्यांपैकी दोन वेगवेगळ्या वेळी त्याच्या हातून गेली. त्याने सोडलेले पहिले नाणे १९७२ मध्ये १ लाख डॉलरला विकले गेले. दुसरे १९५४ च्या लिलावानंतर अमेरिकी मुत्सद्दी हेन्री नॉरवेब व त्यांच्या पत्नी यांच्याकडे आले आणि त्यांनी १९७८ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेला भेट दिले.

टपाल तिकिटे

तिकिटांच्या बाबतीत राजाला बाजारात जाण्याची गरज नव्हती, कारण तिकिटे छापणारे खाते त्याच्याच राज्यातले होते. फुआदच्या काळापासून इजिप्तच्या टपाल तिकिटांच्या काही विशेष आवृत्त्या केवळ राजसंग्रहासाठी छापल्या जात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात छिद्रांच्या ओळी मुद्दाम तिरप्या पाडलेल्या असत, त्यामुळे त्या तिकिटाच्या मधून जात. दुसऱ्या प्रकारात तिकिटांना छिद्रे पाडलेलीच नसत आणि मागील बाजूस ती रद्द असल्याचा शिक्का असे. छपाईतील चुकीमुळे निर्माण झालेले तिकीट संग्राहकांना मोलाचे वाटते, कारण ती चूक पुन्हा घडेलच असे नसते. राजसंग्रहातील तिकिटांमध्ये मात्र चूक मागणीनुसार घडवलेली होती. अशी तिकिटे सामान्य टपाल कचेरीत कधीच विक्रीस आली नाहीत, त्यामुळे राजा गादीवर असेपर्यंत त्यांचा पुरवठा बाजारापुरता शून्य होता.

इतर वस्तू

सोन्याच्या डब्या, यांत्रिक खेळणी, खिशातील घड्याळे, फ्रेंच काचेचे पेपरवेट आणि रत्ने यांचाही त्याच्या संग्रहात समावेश होता. रशियन सम्राटांसाठी काम करणाऱ्या फाबर्जे कार्यशाळेने १९०६ मध्ये घडवलेले हंसाचे अंडे त्याच्याकडे होते. १९५१ मध्ये त्याने अमेरिकी जवाहिरा हॅरी विन्स्टन यांच्याकडून स्टार ऑफ द ईस्ट हा सुमारे ९५ कॅरटचा हिरा घेतला. त्याची किंमत पूर्णपणे चुकती होण्यापूर्वीच त्याची सत्ता गेली.

१९३३ चे डबल ईगल

डबल ईगल हे अमेरिकेचे वीस डॉलर दर्शनी मूल्याचे सोन्याचे नाणे होते. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी रेखाटलेल्या चित्राची ही नाणी १९०७ ते १९३३ या काळात पाडली गेली. महामंदीच्या काळात बँकांतील सोने लोक काढून नेऊ लागल्याने राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी आदेश काढून नागरिकांना जवळचे सोने सरकारजमा करण्यास सांगितले. संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मूल्य असलेल्या दुर्मिळ नाण्यांना या आदेशातून सूट होती.

त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत ४,४५,५०० डबल ईगल पाडली गेली होती, पण ती चलनात आणली गेली नाहीत. दोन नाणी स्मिथसोनियन संस्थेकडे देण्यात आली आणि उरलेली १९३७ मध्ये वितळवण्यात आली. काही नाणी मात्र त्यापूर्वीच टाकसाळीबाहेर पडली होती. अशा रीतीने साडेचार लाखांच्या जवळपास पाडले गेलेले नाणे सरकारच्या एका निर्णयाने अत्यंत दुर्मिळ झाले.

या नाण्यांपैकी एक बी. मॅक्स मेल यांच्यामार्फत १९४४ मध्ये फारूकने १,५७५ डॉलरला विकत घेतले. सोने देशाबाहेर नेण्यासाठी परवाना लागत असल्याने वॉशिंग्टनमधील इजिप्तच्या वकिलातीने रीतसर अर्ज केला. स्मिथसोनियनच्या अभिरक्षकाने हे नाणे विशेष मूल्याचे असल्याचे प्रमाणित केले आणि २९ फेब्रुवारी १९४४ रोजी निर्यात परवाना मिळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, न्यूयॉर्कमधील एका लिलावात असेच नाणे येणार असल्याने एका पत्रकाराने टाकसाळीकडे चौकशी केली. तेव्हा अशी नाणी कधी वितरितच झाली नव्हती, हे अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. सीक्रेट सर्व्हिसने तपास सुरू केला. पुढील काही वर्षांत संग्राहकांकडील नऊ नाणी सरकारने परत मिळवली आणि ती वितळवली. दहावे कैरोत होते. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत एका मित्र राजाकडे ते परत मागणे अमेरिकेला राजनैतिकदृष्ट्या सोयीचे वाटले नाही.

या घटनांचा परिणाम असा झाला, की एकेक नाणे जप्त होत गेले तसतसे फारूकजवळचे नाणे अधिकाधिक एकाकी होत गेले. शिवाय निर्यात परवान्याचा कागद असणारे ते एकमेव नाणे होते.

सत्तांतर

२६ जानेवारी १९५२ रोजी कैरोमध्ये मोठी दंगल उसळली आणि शहराचा मध्यवर्ती भाग जाळण्यात आला. त्यानंतर काही महिन्यांत एकामागून एक सरकारे बदलली. २३ जुलै १९५२ रोजी फ्री ऑफिसर्स या गुप्त संघटनेने उठाव करून सत्ता ताब्यात घेतली. मुहम्मद नगीब हे तिचे दर्शनी नेते, तर गमाल अब्देल नासेर हे प्रमुख सूत्रधार होते. २६ जुलै रोजी अलेक्झांड्रियातील रास अल-तीन राजवाड्यात फारूकने सहा महिन्यांचा मुलगा फुआद दुसरा याच्या नावे सिंहासनत्यागाच्या पत्रावर सही केली आणि त्याच संध्याकाळी अल-महरूसा या शाही नौकेतून तो इटलीकडे रवाना झाला. त्याचे आजोबा इस्माईल पाशा हेही १८७९ मध्ये पदच्युत होऊन याच नौकेतून देशाबाहेर गेले होते.

नव्या राजवटीने सप्टेंबर १९५२ मध्ये जमीन सुधारणा कायदा करून जमीन धारणेवर दोनशे फेद्दानची मर्यादा घातली. १८ जून १९५३ रोजी इजिप्त प्रजासत्ताक झाले आणि त्याच वर्षी राजघराण्याची मालमत्ता सरकारजमा करण्यात आली. नाणी, तिकिटे आणि इतर बहुतेक संग्रह राजवाड्यांतच मागे राहिले होते.

राजसंग्रहाचा लिलाव

सरकारने हा संग्रह विकण्याचे काम लंडनच्या सदबीज या लिलाव संस्थेकडे सोपवले. इजिप्तमधील राजवाड्यांचे संग्रह या नावाने फेब्रुवारी व मार्च १९५४ मध्ये कैरोतील कुब्बा राजवाड्यात ही विक्री झाली. टपाल तिकिटांचा लिलाव एच. आर. हार्मर या संस्थेने केला. नाण्यांची सूची लंडनमधील बाल्डविन या नाणे व्यापारी संस्थेच्या तज्ज्ञाने तयार केली.

नाण्यांचा लिलाव २४ फेब्रुवारीपासून ३ मार्चपर्यंत चालला. हजारो नाण्यांची स्वतंत्र नोंद करून ती एकेक विकणे शक्य नसल्याने अनेक नाणी एकत्र करून लॉट पाडण्यात आले. लॉट क्रमांक १८५ मध्ये १९३३ च्या नाण्यासह सतरा डबल ईगल होती. या पद्धतीचा विक्रीवर मोठा परिणाम झाला. एखाद्या संग्राहकाला त्यातील एकच नाणे हवे असले, तरी संपूर्ण लॉटची किंमत मोजावी लागत होती. साहजिकच सामान्य संग्राहक बाजूला पडले आणि मोठे भांडवल असलेले मोजके व्यापारी व धनिक उरले. कैरोपर्यंतचा प्रवास, नुकतीच झालेली क्रांती, इजिप्शियन चलनातील व्यवहार आणि माल देशाबाहेर नेण्याची व्यवस्था यांमुळे बोली लावणाऱ्यांची संख्या आणखी रोडावली. फारूककडून मोठी थकबाकी येणे असलेल्या हान्स शुलमन यांना तिच्या बदल्यात खरेदी करण्याची मुभा मिळाली.

ज्या ग्राहकाने दहा वर्षे किमती चढ्या ठेवल्या होत्या, तोच आता बाजारात नव्हता आणि त्याने जमवलेला सर्व माल एकाच वेळी विक्रीस आला होता. नाण्यांची दुर्मिळता तसूभरही कमी झालेली नव्हती, तरीही अनेक लॉट त्यांतील नाण्यांच्या योग्यतेच्या मानाने स्वस्तात गेले.

याचा लाभ घेणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील रोचेस्टर येथे ईस्टमन कोडॅक कंपनीत अभियंता असलेले जॉन जे. पिटमन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. व्यापारी नसलेल्या पिटमन यांनी घर दुसऱ्यांदा गहाण ठेवून या लिलावासाठी पैसे उभे केले. तेथे ६३५ डॉलरला घेतलेले १८३३ सालचे पाच डॉलरचे एक विशेष घडणीचे नाणे त्यांच्या मृत्यूनंतर ४,६७,५०० डॉलरला विकले गेले.

लिलावाची सूची प्रसिद्ध झाल्यावर १९३३ च्या नाण्याचा उल्लेख अमेरिकी सरकारच्या नजरेस आला. सरकारने ते परत मागितले. इजिप्तने ते लॉट क्रमांक १८५ मधून मागे घेतले आणि उरलेली नाणी विकली. मागे घेतलेले नाणे मात्र अमेरिकेला परत मिळाले नाही. त्यानंतर चार दशके त्याचा ठावठिकाणा जाहीर झाला नाही.

निर्वासित जीवन आणि मृत्यू

सिंहासनत्यागानंतर फारूक इटलीत राहिला. प्रथम काप्री येथे आणि नंतर रोमजवळील ग्रोताफेराता येथे त्याचा मुक्काम होता. नरिमान १९५३ मध्ये इजिप्तला परतली आणि पुढील वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. याच सुमारास कैरोत त्याच्या संग्रहावर बोली लागत होती. १९५९ मध्ये मोनॅकोचा राजपुत्र रेनिए तिसरा याने त्याला आपल्या देशाचे नागरिकत्व दिले. युरोपातील कॅसिनोंमध्ये आणि रात्रीच्या क्लबांमध्ये तो अखेरपर्यंत दिसत असे, मात्र पूर्वीसारख्या रकमा लावण्याची ऐपत त्याच्याकडे राहिली नव्हती.

१८ मार्च १९६५ रोजी रोममधील इल द फ्रान्स या उपाहारगृहात रात्रीच्या भोजनानंतर तो कोसळला आणि वयाच्या ४५ व्या वर्षी त्याचे निधन झाले. विषप्रयोगाच्या अफवा उठल्या, पण शवविच्छेदन करण्यात आले नाही. इजिप्तमध्ये दफन व्हावे ही त्याची इच्छा होती. नासेर यांनी प्रथम नकार दिला, नंतर परवानगी दिली आणि कैरोतील हौश अल-बाशा येथे रात्रीच्या वेळी गाजावाजा न करता त्याचे दफन झाले. पुढे अन्वर सादात यांच्या काळात त्याचे अवशेष अल-रिफाई मशिदीत वडील व आजोबांच्या कबरींजवळ हलवण्यात आले.

संग्रहाचा पुढील प्रवास

फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात १९३३ चे डबल ईगल विकण्याच्या प्रयत्नात असलेल्या एका ब्रिटिश नाणे व्यापाऱ्याला सीक्रेट सर्व्हिसने अटक केली. हे नाणे फारूकच्या संग्रहातले असल्याचे बचाव पक्षाने मांडले. नाणे चोरीचे असले तरी त्याच्या निर्यातीला १९४४ मध्ये सरकारनेच परवाना दिलेला असल्याने खटला सरकारसाठी सोपा नव्हता. २००१ मध्ये तडजोड झाली आणि नाणे विकून रक्कम सरकार व व्यापारी यांनी वाटून घ्यावी असे ठरले. खटल्याच्या काळात ते न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील तिजोरीत होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापूर्वी सुमारे दोन महिने ते फोर्ट नॉक्स येथे हलवण्यात आले होते.

३० जुलै २००२ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या लिलावात त्याला ७५,९०,०२० डॉलर मिळाले. यातील शेवटचे वीस डॉलर नाण्याला अधिकृत चलनाचा दर्जा देण्यासाठी कोषागारात भरण्यात आले. तोवर कोणत्याही नाण्याला एवढी किंमत मिळालेली नव्हती.

यानंतर या नाण्याच्या एकमेवपणालाच आव्हान मिळाले. फिलाडेल्फियातील एका दिवंगत जवाहिऱ्याच्या वारसांकडे आणखी दहा नाणी असल्याचे उघड झाले. ती बाजारात आली असती, तर विक्रीयोग्य नाण्यांची संख्या एकावरून अकरा झाली असती. सरकारने ती ताब्यात घेतली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१६ मध्ये अपील न्यायालयाने ती सरकारचीच असल्याचा निर्णय कायम केला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे फारूकचे नाणे हेच खाजगी मालकीला कायदेशीर मुभा असलेले एकमेव १९३३ चे डबल ईगल राहिले. ८ जून २०२१ रोजी ते पुन्हा लिलावात आले, तेव्हा त्याला सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलर मिळाले.

राजसंग्रहातील टपाल तिकिटेही १९५४ नंतर जगभरातील संग्राहकांपर्यंत पोहोचली. जी तिकिटे पूर्वी कोणाला पाहायलाही मिळत नसत, ती व्यापाऱ्यांच्या सूचींत नियमितपणे दिसू लागली. मुहम्मद अली घराण्याचे विकले न गेलेले दागिने व वस्तू अलेक्झांड्रियातील शाही अलंकार संग्रहालयात ठेवण्यात आल्या आहेत. हे संग्रहालय १९८६ मध्ये सुरू झाले.

मूल्यमापन

राज्यकर्ता म्हणून फारूकचे मूल्यमापन बहुतांशी प्रतिकूल आहे. ब्रिटिशांच्या दबावामुळे त्याच्या अधिकारांना मर्यादा होत्या हे मान्य करूनही, जनतेच्या दारिद्र्याकडे त्याने केलेले दुर्लक्ष आणि त्याचा विलास यांमुळे राजेशाहीचा शेवट जवळ आला, असे सामान्यतः मानले जाते.

नाणेसंग्रहाच्या इतिहासात त्याच्या संग्रहाला वेगळे महत्त्व आहे. त्यात दुर्मिळतेचे तीन प्रकार एकत्र आढळतात. १९१३ चे निकेल मुळातच पाच होते. १९३३ चे डबल ईगल लाखोंनी पाडले गेले आणि नंतर नष्ट केल्यामुळे दुर्मिळ झाले. राजसंग्रहासाठी छापलेली तिकिटे मागणीनुसार दुर्मिळ बनवलेली होती. तिसरा प्रकार आज सर्वाधिक प्रचलित आहे. अमेरिकेत चांदीच्या डॉलरची टंचाई निर्माण झाल्यावर १९६५ पासून नेवाडातील कॅसिनोंनी स्वतःची टोकन वापरण्यास सुरुवात केली आणि पुढे मर्यादित आवृत्तीची टोकन व चिप्स खास संग्राहकांसाठी निघू लागली. अशा टोकनाची संख्या काढणाराच ठरवतो आणि ग्राहकाने ते न वटवता घरी नेले, तर त्याचे दर्शनी मूल्य कॅसिनोकडेच राहते. त्यामुळे अशा वस्तू अधिकाधिक काढण्याचा मोह काढणाऱ्याला असतो. संख्या मर्यादित असूनही मागणी नसेल, तर त्यांची किंमत दर्शनी मूल्याच्या फारशी वर जात नाही.

१९५४ च्या लिलावाने हीच गोष्ट उलट बाजूने दाखवली. तेथे वस्तू खरोखर दुर्मिळ होत्या, पण त्या विकत घेऊ शकणारे लोक मोजके होते. त्याच नाण्यांना पुढील दशकांत मोठ्या किमती मिळाल्या, त्या नाण्यांची संख्या घटली म्हणून नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत संग्राहकांची संख्या व क्रयशक्ती वाढत गेली म्हणून. फारूकच्या संग्रहातून आलेल्या नाण्यांच्या विक्रीत पूर्वीचा मालक म्हणून त्याच्या नावाचा उल्लेख आवर्जून केला जातो आणि संग्राहकांच्या दृष्टीने तो नाण्याच्या मूल्यात भर घालणारा ठरतो.